‘माती खाणे’ आणि खायची माती

सुरंगी (गुहागर):
बांगलादेशातील सिलहट भागात ‘छिकर’ नावाच्या भाजक्या मातीच्या वड्या खातात. त्यांवरील लेखाचे मराठी करताना मी दुसऱ्याच वाक्यात अडले. तिथल्या गरोदर स्त्रिया त्या आवडीने खातात. पण ‘त्या माती खातात’ असे लिहिले की त्यांनी काहीतरी घोळ घालून ठेवला, असाच अर्थ होतो. ‘खाद्य मृत्तिका’ लिहून पाहिले, तर ते सरकारी निविदेतले वाटते. दुसरा शब्द सुचतो का?

चिरेखाण (रत्नागिरी):
‘मृद्भक्षण’ हा शब्द तयार असताना शोध कशाला? चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार आहेत आणि त्यांतला पाचवा माती खाल्ल्यानेच होतो. तुरट मातीने वात, खाऱ्या मातीने पित्त आणि गोड मातीने कफ वाढतो, इतका बारकावा तिथे आहे.

भातखाचर (मालवण):
ते रोगाचे नाव झाले, आवडीचे नव्हे. माझी आजी चुलीच्या कडेचा, धुराने तपकिरी झालेला पोपडा नखाने काढून पदराच्या टोकाला बांधत असे आणि दुपारी पडवीत बसून चघळत असे. ‘गे आजी, माती कित्याक खातस?’ असे विचारले, तर ती म्हणे, ‘माती खंय? भाजलेला आसा ता.’ तिच्या लेखी विस्तवाला लागल्यावर ती माती उरतच नसे. म्हणून सरळ ‘भाजकी’ लिहावे.

चिरेखाण:
एका घरातल्या बोलण्याला प्रमाण कसे मानायचे? शिवाय ‘भाजकी’ म्हटले की आमच्याकडे मशेरीच आठवेल.

आंबोळी (देवगड):
आपल्या जांभ्या मातीत लोह असते, म्हणून गरोदरपणी शरीर ती मागते. डोहाळा म्हणजे ‘द्विहृद’, दोन हृदयांची इच्छा; तेव्हा ‘डोहाळमाती’ म्हणावे.

सुरंगी:
लोहाचा रंग मातीला असतो खरा, पण चिकणमाती पोटातले लोह धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही, असे माझ्या लेखातच आहे. ‘डोहाळमाती’ मात्र गोड आहे.

चिरेखाण:
गोड असेल, पण ‘डोहाळा’ संस्कृत ‘दोहद’वरून आला. ‘द्विहृद’ ही मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती असावी.

आंबोळी:
मग ‘दोहद’ कुठून आला, तेही सांगावे.

भातखाचर:
व्युत्पत्ती काहीही असो, आजीला डोहाळे लागलेले नव्हते. ती तेव्हा ७० वर्षांची होती.