पसाऱ्याच्या घरात टिकेल असा व्हॅक्यूम क्लीनर: ड्रम की कॉर्डलेस?

ड्रमवाला: घरात कुत्रा, पोरं, सोफ्याच्या फटीत चुरमुरे आणि अधूनमधून सांडलेलं दूध असेल तर सरळ 15-20 लिटरचा वेट अँड ड्राय, म्हणजे ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा ड्रम घ्या. ओलं ओढणाऱ्या मशीनला बायपास मोटर असते, म्हणजे कचऱ्याची हवा आणि मोटर थंड करणारी हवा वेगवेगळी. मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले की बदलता येतात. बिनवायरीच्या कॉर्डलेसची बॅटरी मात्र 300 ते 500 चार्जिंगनंतर दम सोडते. रोज पूर्ण रिकामी केलीत तर दहा ते सोळा महिने झाले!

रोजचा केर: आणि तो ड्रम काढणार कोण? आठवड्यात माळ्यावर जातो. न वापरलेलं मशीन टिकतंच. कॉर्डलेस घ्या, पण बॅटरी खटक्यासरशी निघणारी आणि सुटी मिळणारी. स्क्रू उघडून काढायची असेल तर नको. आणि वापरल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, सेल थंड होऊ द्या.

ड्रमवाला: 400 वॅटच्या त्या कॉर्डलेस काठीने गालिच्यातले केस निघतात होय?

धूळधाण: वॅट हे वीज खाण्याचं माप आहे, ओढीचं नव्हे. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून 900 वॅटच्या वरचे साधे, कोरडा कचरा ओढणारे वायरवाले व्हॅक्यूम बाजारात आणायला बंदी आहे, तिथले गालिचे काही घाण राहिले नाहीत. केस निघतात ते फिरत्या ब्रशने, आणि तोच ब्रश आधी मरतो. केस टोकाच्या बेअरिंगपाशी गुंडाळतात, ब्रश अडतो, त्याला फिरवणारा पट्टा तापून वितळतो. म्हणून टोकाची टोपी हाताने निघते का, ते दुकानातच बघा. आठवड्याला कात्रीने केस कापून काढा.

दोघंही फिल्टर विसरलात. रांगोळी, भिंत घासल्याची पूड, पीओपी हे थेट फिल्टरवर गेलं की छिद्रं बुजतात, हवा कमी होते, मोटर तापते आणि थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा खटका, मशीन बंद पाडतो. लोक म्हणतात मोटर गेली. अशा धुळीला कापडी किंवा कागदी पिशवी लावाच. ओलं ओढताना ती काढून फोमची टोपी चढवायची. फिल्टर धुतला तर सावलीत 24 तास वाळवा. ओलसर बसवलात की धुळीचं थालीपीठ होतं.

रोजचा केर: ओढ कमी झाली तर आधी काय बघायचं?

धूळधाण: पाइप काढून मशीनच्या तोंडाला तळवा लावा. तिथे ओढ जोरात असेल तर पाइपात पायमोजा किंवा असंच काहीतरी अडकलंय. नसेल तर फिल्टर.