अख्ख्या बिल्डिंगचे एसी डक्ट साफ करायचं कोटेशन आलंय, खरंच गरज असते का?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी, एका ऑफिस बिल्डिंगचं अ‍ॅडमिन माझ्याकडे आहे. पाच मजले, सेंट्रल एसी, दर मजल्याला एक एएचयू (हवा थंड करून डक्टमध्ये, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या बोगद्यात, ढकलणारं मशीन). बिल्डिंगला बारा वर्षं झाली आणि डक्ट कधी साफ केल्याची एकही नोंद फायलीत सापडत नाही. तिसऱ्या मजल्यावरून सतत तक्रारी येतायत की सकाळी एसी लावला की पहिली वीसेक मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास येतो, मग तो आपोआप जातो. शिवाय टेबलांवर बारीक पांढरट धूळ बसते, पुसली तरी संध्याकाळपर्यंत परत. आणि डिफ्यूझरच्या (सीलिंगमधली हवा सोडणारी जाळी) भोवती सीलिंगवर काळे पट्टे उमटलेत.

परवा एक डक्ट क्लिनिंगवाला येऊन गेला. खालीच उभं राहून त्या काळ्या पट्ट्यांकडे बोट केलं, म्हणाला मॅडम बाहेर एवढं तर आत किती असेल विचार करा. मग मोबाईलवर एका डक्टचा फोटो दाखवला, आत अक्षरशः उशी भरावी एवढा कचरा. फोटो आमच्या बिल्डिंगचा नाही हे त्याने विचारल्यावर सांगितलं. कोटेशन पाचही मजल्यांचं आहे, दोन रात्रीत काम, वर सॅनिटायझिंग फॉगिंग (जंतुनाशकाची धुक्यासारखी फवारणी) आणि एक सर्टिफिकेट. साहेब म्हणतायत सही करून टाका, लोकांची तोंडं बंद होतील. माझं मन काही होत नाहीये. डक्ट साफ करायची गरज आहे हे ओळखायचं कसं, आणि केलंच तर काम नीट झालं हे आपल्यासारख्याला कळणार कसं?

जुना_फिटर
ताई सही अजिबात करू नका, आधी शिडी लावा. तुमच्या तीन तक्रारी आहेत ना, त्या तिन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात आणि त्या माणसाने तिन्ही एकाच पोत्यात भरल्या.

काळे पट्टे घ्या. डिफ्यूझरमधून हवा जोरात बाहेर पडते तेव्हा ती आजूबाजूची खोलीतली हवा पण ओढून घेते आणि सीलिंगला घासत जाते, त्या खोलीतल्या हवेतली धूळ तिथे चिकटते. म्हणजे ते पट्टे बऱ्याचदा तुमच्याच कार्पेटचे आणि कपड्यांचे तंतू असतात, डक्टचा पुरावा म्हणून ते चालत नाहीत. डिफ्यूझर उतरवून त्याच्या आतल्या मानेवर बोट फिरवा, तिथे स्वच्छ आणि बाहेर काळं असेल तर उत्तर मिळालं.

आता वास. सकाळी सुरू करताना येतो आणि मग जातो म्हणजे रात्रभर बंद असताना काहीतरी ओलं राहतंय, आणि एसीत ओलं म्हणजे कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्यांचा संच) आणि त्याच्याखालचा ड्रेन पॅन, म्हणजे गळणारं पाणी झेलणारा ट्रे. तुमच्या एएचयूत ब्लोअर (मोठा पंखा) कॉइलच्या पुढे असेल (बहुतेकांत असतो) तर तो कॉइलमधून हवा ओढतो, म्हणजे पॅनच्या भागात खेच असते. ड्रेन पाईपला पाण्याचा ट्रॅप (पाणी साठून हवा अडवणारं पाईपाचं वळण) नसेल किंवा तो सुकला असेल तर पाणी खाली जायच्या ऐवजी बाहेरची हवा पाईपातून वर येते, पाणी पॅनमध्ये अडकून राहतं आणि ड्रेन लाइनीतला वास पण आत येतो. गंमत म्हणजे ब्लोअर बंद केला की सगळं पाणी भडाभडा वाहून जातं, म्हणून मशीन बंद करून बघणाऱ्या प्रत्येकाला पॅन रिकामा दिसतो आणि तो सगळं ओके लिहून निघून जातो. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं असाच ओके लिहून निघून जायचो. एसी चालू असताना ड्रेन पाईपच्या बाहेरच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरा, आत ओढला गेला तर ट्रॅप काम करत नाहीये.

धुळीसाठी फिल्टर बघा. फिल्टर किती भारी आहे ते नंतर, आधी तो फ्रेममध्ये घट्ट बसलाय का ते. हवेला फट मिळाली की ती फिल्टरमधून कशाला जाईल.

शंकासूर
सगळा धंदा आहे हो. बारा वर्षं कोणाला काही झालं नाही आणि आता अचानक डक्ट आठवला. फिल्टर बदला आणि सोडून द्या.

रात्रपाळी
शंकासूर म्हणतात तेवढं सरसकट नाही पण मी एकदा हात पोळून घेतलेत म्हणून लिहितो. आधीच्या नोकरीत आम्ही असंच सगळ्यात कमी कोटेशनवाल्याला काम दिलं. शनिवारी रात्री चार पोरं आली, एक ड्रिलला लावलेला ब्रश आणि एक घरगुती व्हॅक्यूमपेक्षा जरा मोठं मशीन, बस्स. डक्टच्या एका टोकाने ब्रश घातला आणि हवा मारली, जो कचरा बारा-पंधरा वर्षं निवांत बसला होता तो सगळा उठला आणि ऑफिसात आला. सोमवारी सकाळी कीबोर्डवर काजळी, लोक शिंकून बेजार. त्यात डक्टमधले स्मोक डिटेक्टर आयसोलेट (तात्पुरते बंद) करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, रात्री अडीचला फायर अलार्म वाजला आणि सिक्युरिटीवाल्याने मला झोपेतून उठवलं. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण ब्रश घालताना आतले डँपर (हवा कमी-जास्त करायच्या झडपा) हलले, टोकाच्या मीटिंग रूमला हवाच येईना, कारण सापडायला पंधरा दिवस गेले. आणि फ्लेक्सिबल डक्टचे आतले पापुद्रे फाटले ते वेगळंच. सर्टिफिकेट मात्र रंगीत होतं, गोल शिक्क्यासकट.

तर ताई, कोणालाही काम द्या, पण आधी प्रत्येक डँपरची पोझिशन मार्करने डक्टवर खूण करून ठेवायला लावा आणि काम झाल्यावर हवा मोजून बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक खोलीला ठरलेली हवा, करून मागा.

डक्टवाला_पोरगा
मी हेच काम करतो त्यामुळे आमच्या लाइनीची बाजू पण सांगतो. वर दादांनी लिहिलंय त्याला आमच्यात पण कोणी काम म्हणत नाही. नीट पद्धत अशी की जो भाग साफ करायचा तो आधी बाकीच्या डक्टपासून बंद करून घ्यायचा, त्याला मोठं निगेटिव्ह एअर मशीन जोडायचं म्हणजे डक्टच्या आत सतत खेच राहते आणि धूळ खोलीत न येता मशीनकडेच पळते. मग आतून ब्रश किंवा हवेचे चाबूक फिरवून धूळ सुटी करायची. मशीनची हवा बिल्डिंगच्या आतच सोडणार असाल तर त्याला हेपा फिल्टर पाहिजेच, म्हणजे 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के पकडणारा, नाहीतर एका खोलीतली धूळ दुसऱ्या खोलीत. जागोजागी डक्ट कापून एक्सेस पॅनल काढावे लागतात आणि नंतर ते पत्र्याने, गॅसकेट लावून बंद करावे लागतात, टेप चिकटवून नाही. आम्ही आधी रिटर्न (खोलीतली हवा मशीनकडे परत नेणारा डक्ट) घेतो, मग एएचयू, मग सप्लाय (थंड हवा खोलीत नेणारा). एएचयू न उघडता नुसते डक्ट साफ करून देतो म्हणणारा दिसला की त्याला चहा पाजून परत पाठवा, कारण कॉइल आणि ब्लोअर घाण राहिले तर सुरू केल्याबरोबर तीच घाण पुढे जाणार.

काम तपासायचं कसं विचारलंत. अमेरिकेत नाडका म्हणून डक्ट क्लिनिंगवाल्यांची संघटना आहे, 1989 सालची, त्यांचं एसीआर नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात पहिली कसोटी डोळ्यांनी बघायची, शंका राहिली तर पत्र्यावर ठरलेल्या पद्धतीने व्हॅक्यूम करून उरलेली धूळ वजन करतात, 100 चौरस सेंटिमीटरला 0.75 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाली तर फेल. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या. आणि आधीचे-नंतरचे फोटो एकाच जागेवरून, डक्टवर नंबर लिहून, तो नंबर फोटोत दिसला पाहिजे. नाहीतर तुम्हाला दाखवला तसा जगप्रवास केलेला फोटो येतो.

फॉगिंग फुकट देत असतील तरी नको म्हणा. घाणीवर औषध मारून घाण जात नाही, आणि डक्टला आतून काचेच्या लोकरीचं अस्तर असेल तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तिथे वापरायला एकही जंतुनाशक नोंदवलेलं नाही. तरी लोक मारतात, कारण फवारलेलं दिसतं आणि वास छान येतो.

शंकासूर
त्याच पर्यावरण खात्याने असंही सांगितलंय की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. ते पण लिहा की.

जुना_फिटर
बरोबर आहे तुमचं, आणि ते म्हणणं मुळात घरांसाठी आहे पण पातळ धुळीच्या बाबतीत ऑफिसलाही तेच लागू पडतं असं माझं मत. पत्र्यावर पातळ सारखी धूळ बसणं हे काही दुखणं नाही, ती तिथे चिकटून बसते आणि कोणाचं काही बिघडवत नाही. पण त्याच कागदात साफ कधी करा हे पण दिलंय की नाही? आत बुरशी दिसली, उंदीर-झुरळांचा वावर असला, किंवा एवढा कचरा साठला की हवा अडते आणि जाळीतून बाहेर पडतो. त्यात ऑफिसला मी बांधकाम जोडीन. फर्निचरचं किंवा जिप्सम पार्टिशनचं काम चालू असताना एएचयू चालू ठेवला की रिटर्न डक्ट संपला समजा. ताई, तिसऱ्या मजल्यावर हल्ली काही काम झालं होतं का?

तिसरा_मजला
फिटर काका तुम्ही ज्योतिषी आहात का? मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच दोन केबिन पाडून नवीन पार्टिशन केली, आणि मजूर उकाड्याने हैराण होतात म्हणून एसी चालू ठेवायला मीच परवानगी दिली होती 🙈

आज मेंटेनन्सचा मुलगा आणि मी मिळून सगळं उघडून बघितलं, तीन तास गेले, साडीचा पोतेरा झाला. टिश्यू पेपर पाईपला असा चिकटून बसला की ओढून काढावा लागला. ट्रॅप नाहीच, सरळ पाईप आहे. ब्लोअर बंद केला तर तुम्ही म्हणालात तसंच पाणी वाहायला लागलं, बराच वेळ वाहत होतं, आणि खाली पॅनमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर. फिल्टर सहा आहेत, त्यातला एक लहान साइजचा आलाय म्हणून कोणीतरी उरलेल्या जागेत पुठ्ठा कोंबलाय, तो पुठ्ठा ओला होऊन वाकलाय. हात सहज जातो. रिटर्नमध्ये टॉर्च मारला तर तळाला पांढरी पावडर, कोपऱ्यात ढीग. सप्लायच्या मेन डक्टमध्ये मात्र बोटाने नाव लिहिता येईल एवढीच धूळ आहे. पण ब्लोअरनंतरच्या पहिल्या काही फुटांत आतून ते काळं अस्तर आहे ते दमट लागतंय आणि त्यावर ठिपके आहेत. बाकी चार मजल्यांवर प्रत्येकी तीन ठिकाणी उघडून बघितलं, किरकोळ धूळ, वास नाही, आणि ट्रॅप आहेत. मग तिसऱ्यालाच का नाही? असो.

ते ठिपक्यांचं अस्तर ब्रशने साफ होईल का?

जुना_फिटर
नाही. पत्र्यावरची बुरशी घासून निघते, लोकरीच्या आत शिरलेली निघत नाही. तेवढा तुकडा काढून नवीन लावा, जमलं तर नवीन इन्सुलेशन बाहेरून करा. पण क्रम चुकवू नका: आधी ट्रॅप, नाहीतर नवं अस्तर पण भिजणार. ते भिजलं कशाने, तर पाईपातून वर येणाऱ्या हवेने पॅनमधलं पाणी उडतं आणि ब्लोअर ते पुढे फेकतो. दुसरं कारण कॉइल अर्धी बुजली असेल तर उरलेल्या भागातून हवा जास्त वेगाने जाते, सेकंदाला अडीच मीटरच्या वर गेली की पाण्याचे थेंब सोबत घेऊन जाते. तुमचा पुठ्ठा बघता कॉइल बुजलेली असणारच. ट्रॅपची उंची अंदाजाने नका करू, ब्लोअरची खेच पाण्याच्या किती मिलिमीटरची आहे ते मोजून त्याच्यापेक्षा जास्त ठेवायची. कॉइल धुताना पंप जोरात मारू देऊ नका, फिन्स (कॉइलच्या पातळ पत्र्या) आडव्या झाल्या की हवा परत अडणार.

डक्टवाला_पोरगा
म्हणजे काम झालं एक एएचयू, एक रिटर्न आणि थोडं अस्तर. पाच मजले कुठून आले 😄 फ्लेक्सिबल डक्टचे तुकडे जिथे पावडरने भरलेत तिथे साफ करत बसू नका, सरळ बदला, ब्रशने फाटतातच. आणि फिल्टर नवीन घेताय तर मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ पकडतो त्याचा आकडा) 8 आहे का 13 ते बघा, 13 चांगला पण हवेला अडथळा जास्त, तुमच्या ब्लोअरला झेपतो का हे विचारल्याशिवाय टाकू नका.

शंकासूर
मी तर पहिल्या दिवशीच म्हणालो होतो फिल्टर बदला म्हणून.

रात्रपाळी
आणि सोडून द्या पण म्हणाला होतात 😂

तिसरा_मजला
अपडेट देते. पहिल्या माणसाला फोन करून सांगितलं की फक्त तिसरा मजला, फॉगिंग नको, धूळ वजन करून दाखवा, तर म्हणाला बघून कळवतो, त्यानंतर फोन उचलत नाहीये. दुसरा एक आला, त्याने गप्पा न मारता पहिल्यांदा शिडी मागितली आणि एएचयूची चावी कुठे आहे विचारलं. साहेबांना टिश्यू पेपरवाला व्हिडिओ दाखवला, तो त्यांनी तीनदा बघितला आणि आता इतर मजल्यांवर स्वतः टिश्यू घेऊन फिरतायत. ट्रॅप काल बसला. कॉइल आणि रिटर्नचं काम येत्या शनिवारी रात्री आहे.

रात्रपाळी
शनिवारी संध्याकाळीच फायर पॅनलवाल्याला आणि सिक्युरिटीला सांगून ठेवा, आणि डिटेक्टर परत चालू केल्याची सही रविवारी सकाळी आठवणीने घ्या.

तिसरा_मजला
घेते. मार्कर पण पर्समध्ये टाकलाय.