चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे : पॅट समिटचं कौतुक करताना हे विसरायचं का?

मधला_पास
भाचीच्या बास्केटबॉल ग्रूपवर परवा तिच्या सरांनी पॅट समिटचा फोटो टाकला. त्या प्रसिद्ध जरबेच्या नजरेचा. खाली लिहिलं होतं, "असे कोच आता होत नाहीत." पालकांचे धडाधड अंगठे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची, म्हणजे लेडी व्हॉल्सची कोच. १९७४ ते २०१२, ३८ सीझन, १,०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. २०१६ साली गेली.

तिचे दोन किस्से लोक हसत हसत सांगतात. पोरी रात्री पार्टी करून आल्याचं कळलं, तर हिने मैदानाच्या कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि ओकाऱ्या होईपर्यंत त्यांना पळवलं. दुसरा : संघ बाहेरगावी हरून रात्री परतला, तर घरी न सोडता घामाने चिंब झालेले युनिफॉर्म पुन्हा घालायला लावले आणि "जो हाफ खेळला नाहीत तो आता खेळा".

हेच किस्से एखाद्या हरणाऱ्या कोचच्या नावावर असते तर आपण त्याला छळ म्हटलं असतं. मागे हजारावर विजय आहेत म्हणून ती शिस्त झाली. आजच्या काळात ती टिकली नसती, आणि टिकू नये असंच माझं मत. बोला.

सुमन_नागपूर
साफ असहमत. डबे दिसले, पण ते उचलायलाही दुसरं कोणी नव्हतं हे दिसलं नाही.

कोच झाली तेव्हा वय २२, स्वतः अजून शिकत होती. पगार महिना २५० डॉलर. युनिफॉर्म धुणारी तीच, व्हॅन चालवणारी तीच. नव्या युनिफॉर्मसाठी डोनट विकून पैसे जमवले. परगावी गेलं की कधी समोरच्या संघाच्या जिममध्ये मॅट टाकून झोपायचं. पहिलीच मॅच मर्सरकडून एका गुणाने हरली, बघायला पन्नासेक टाळकी. संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. अशा वेळी "जाऊ दे ना गं पॅट" म्हणायची सोय ठेवली असती तर संघ उभा राहिला असता का?

मी नव्वदच्या दशकात विद्यापीठाकडून खेळले. आमच्या मॅडम बॉलची जाळी लुनाच्या हँडलला अडकवून यायच्या. एक बॉल कायम पंक्चर. त्या ओरडल्या नसत्या तर आमच्या घरच्यांनी आम्हाला संध्याकाळी सातनंतर मैदानावर ठेवलं नसतं. "मॅडम रागावतील" हे कारण घरी चालायचं.

झणझणीत_भडंग
छळ की शिस्त हे नंतर बघू. ती सर्वश्रेष्ठ होती हे आधी कुठे ठरलंय? कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा कोच जीनो ऑरिएमा, त्याची १२ विजेतेपदं आहेत, २०२५ चं धरून. २०२४ मध्ये त्याने १,२१७ वा विजय मिळवून स्टॅनफर्डची कोच टॅरा व्हॅनडरव्हीरलाही मागे टाकलं. समोरासमोर जीनो १३, पॅट ९. पुढे २००७ मध्ये टेनेसीने दोन संघांमधली दरवर्षीची मालिकाच बंद केली. आकडे बघा, भावना बाजूला.

सुमन_नागपूर
@झणझणीत_भडंग, आकडे खरे आहेत, वाद नाही. पण जीनो १९८५ ला आला तेव्हा खेळाला रस्ता झाला होता. पॅट आली तेव्हा टेनेसीच्या शाळांत मुली सहा-सहा जणींचा खेळ खेळायच्या. तिघी हल्ला करणार, तिघी बचाव, आणि मधली रेषा ओलांडायची नाही. का, तर पूर्ण मैदान मुलींना झेपत नाही! हिने सांगून टाकलं की हा नियम बदलेपर्यंत आपल्या राज्यातल्या मुली मी घेणार नाही. घरच्याच मैदानावर पाणी सोडलं. सत्तरचं दशक संपता संपता नियम गेला. हे कुठल्या कॉलममध्ये मोजणार?

झणझणीत_भडंग
मान्य, हे माहीत नव्हतं. पण धागाकर्त्यांचा मुद्दाही अर्धाच खरा आहे. जिंकलं की सगळं माफ असतं तर इंडियाना विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचा कोच बॉब नाइट कसा गेला? तीन राष्ट्रीय विजेतेपदं होती, तरी २००० मध्ये काढलाच.

मधला_पास
गेला, पण २९ वर्षांनी! १९८५ मध्ये भर मॅचमध्ये खुर्ची भिरकावली होती त्याने. मधली पंधरा वर्षं कोणी वाचवलं? स्कोअरबोर्डानेच ना?

नॉक्सव्हिलकर
इथे नॉक्सव्हिलला, टेनेसी विद्यापीठाच्या गावात, आठ वर्षं राहतोय, म्हणून चार शब्द. इथल्या अरीनाच्या कोर्टवर "द समिट" असं लिहिलेलं आहे. ऑफिसातल्या लोकांशी तिचा विषय काढला की विजेतेपदं दुसऱ्या वाक्यात येतात. पहिलं वाक्य ठरलेलं : तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. वर्गात तिच्या खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांतच बसायचं आणि तास बुडवायचा नाही, असा नियम होता. बुडवला तर मॅचला बाहेर.

आणि गंमत म्हणजे या मुली तिला पॅट म्हणायच्या. नुसतं पॅट. आपल्याकडे सरांना "काय रे सुरेश" म्हणून बघा!

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, तिला अल्झायमर झाल्याचं जाहीर झालं. तरी एक सीझन काढला, शेजारी तिची सहाय्यक कोच हॉली वॉरलिक. त्यानंतर तिच्याबद्दल टीकेचा सूर लावणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं झालंय. त्यामुळे हा धागा निघाला ते बरंच.

मधला_पास
तीन रांगांचा नियम मला शंभर टक्के पटतो. डबे पटत नाहीत. दोन्ही एकाच पिशवीत घालून "शिस्त" अशी चिठ्ठी लावू नका, एवढंच.

डावा_गुडघा
इतके दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

आमच्या कॉलेजच्या कोचला पॅटचे किस्से तोंडपाठ होते. डब्यांचा तर दर सीझनला. एकदा एप्रिलमध्ये, दुपारी तीनला, सिमेंटच्या कोर्टवर आम्हाला "सुइसाइड" लावल्या. ज्यांना माहीत नाही त्यांना : बेसलाइनवरून फ्री थ्रो लाइन आणि परत, मग हाफ लाइन आणि परत, असं वाढवत न्यायचं. नवव्याला माझा गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज मला ऐकू आला, शेजारच्या मुलीलाही आला. सर म्हणाले, "नाटकं नकोत." मी पुढे दोन लावल्या. लिगामेंट गेलं होतं.

मुद्दा गुडघ्याचा नाही. मी कुठल्या वर्षाला आहे, हे सरांना चार वर्षांत कधी माहीत नव्हतं. माझी केटी राहिली, म्हणजे विषय मागे राहिला, तेही नाही.

सुमन_नागपूर
फार वाईट वाटलं वाचून. पण तो तुमच्या सरांचा दोष. पॅटने थोडंच सांगितलं होतं माझी नक्कल करा म्हणून?

डावा_गुडघा
नाही सांगितलं. पण नक्कल करायला डबेच सोपे. डबा शंभर रुपयांत येतो, आणि दर मुलीच्या हजेरीमागे लागायला संध्याकाळ घालवावी लागते.

झणझणीत_भडंग
+१. टेनेसीचंच बघा ना. पॅटनंतर आधी हॉली वॉरलिक, मग केली हार्पर, दोघी तिच्याच खेळाडू. २००८ नंतर एकदाही फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ, नाही. शेजारी उभं राहून शिकलेल्यांना जमलं नाही, तर फोटो बघून काय जमणार?

सुमन_नागपूर
हे मात्र माझ्याच बाजूचं झालं की! म्हणजे डब्यांपलीकडे काहीतरी होतंच तिच्यात.

मधला_पास
तुमच्या बाजूचं की माझ्या, ठरवा निवांत. मी ग्रूपवर त्या फोटोखाली पहिल्या तीन रांगांचा नियम टाकला आणि विचारलं, "सर, आपल्याकडे हे सुरू करायचं का? पालक हजेरी पाठवतील." निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. भाची म्हणते, "मामा, आता मलाच पळवतील."