भाच्याला कावासाकी म्हणतायत, कुणाला अनुभव?

मंडळी, गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हे मधेच घुसडतोय, माफ करा. कोल्हापुरात बहिणीचं बाळ पाच महिन्यांचं, सहा दिवस ताप हटेना, आता डॉक्टर कावासाकी आजार म्हणतायत, लहान मुलांच्या रक्तवाहिन्या सुजतात म्हणे. आजचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आलाय. आई फोनवर नुसती रडतीया, मला तर आधी मोटरसायकलच आठवली. काय करायचं सांगा की.
अमित

अरे अमित, मोटरसायकलचा काही संबंध नाही, तोमिसाकू कावासाकी म्हणून जपानी डॉक्टर होते, त्यांनी १९६७ मध्ये यावर पहिला पेपर लिहिला. आमच्या दिराच्या मुलाला झालेलं, राजारामपुरीत राहायचो तेव्हा, तोही एवढाच. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून घरी पाठवलं, कारण लाल डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ असं सगळं एकदम दिसलंच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत लक्षणं अर्धीमुर्धीच असतात आणि हृदयाला धोका मात्र त्यांनाच जास्त. सासूबाई अंग पुसताना म्हणाल्या, अगं हे जन्मल्यावर टोचलेलं आत्ता कसं सुजलं? दंडावरचा बीसीजीचा वण लालभडक! ती कावासाकीची खूण निघाली, तिथून चक्रं फिरली.

आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीजचं औषध, सुरू केलं का ते आधी विचार. किलोमागे २ ग्रॅम, दहा-बारा तास सलाइनसारखं चढवतात, पहिल्या दहा दिवसांत गेलं तर कोरोनरी आर्टरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी, फुगायचा धोका साधारण २५ टक्क्यांवरून ५ च्या आसपास येतो. महाग आहे बाबा, दिरांनी बुलेट विकली त्यापायी.

आणि आजच्या इकोवर जाऊ नका. फुगवटा मागाहून येतो, म्हणून दोन आठवड्यांनी परत, मग सहा-आठ आठवड्यांनी परत. आमच्याकडे ताप गेला, बोटांच्या टोकांची सालं निघून झाली, पोरगं खिदळायला लागलं, सगळे जोतिबाला जाऊन आले आणि आता कशाला परत इको म्हणून बसले. मी भांडून नेलं तर एक आर्टरी थोडी रुंदावलेली निघाली. तिथं गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन वर्षभर लांबलं, नाहीतर सहा-आठ आठवड्यांत थांबवतात. आता ठीक आहे, रंकाळ्यावर सायकल हाणतो. हो, आयव्हीआयजीनंतर गोवराची लस साधारण ११ महिने पुढं ढकलतात, तेही विचारून ठेव.
वैशालीताई

ताई, आयव्हीआयजी दुपारपासून चालू आहे, साडेसहा किलोचं बाळ म्हणजे १३ ग्रॅम. बहिणीनं इकोच्या तारखांना कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलाय, शेवटची नेमकी दसऱ्यादिवशी येतीया, त्या दिवशी इकोवाले असतात का तेवढं विचारायला सांगितलंय.
अमित