क्वार्टरबॅकसाठीच्या पुरस्कारांत फरक कोणता?

प्रश्न: अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसाठी (आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू) डेव्ही ओब्रायन, गोल्डन आर्म आणि मॅनिंग असे वेगवेगळे वार्षिक पुरस्कार का आहेत?

उत्तर १: डेव्ही ओब्रायन पुरस्कार १९८१ पासून देशभरातील सर्वोत्तम क्वार्टरबॅकला दिला जातो. नामवंत क्वार्टरबॅक जॉनी युनिटास यांच्या नावाचा गोल्डन आर्म मात्र शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यातील खेळाडूंसाठी असून त्यात चारित्र्य आणि अभ्यासही पाहिला जातो, हे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २: मॅनिंग पुरस्काराचे मतदान हंगामाअखेरच्या बोल सामन्यांनंतर (निवडक संघांतील खास लढती) होते, म्हणून मला तोच अधिक न्याय्य वाटतो. २००५ च्या हंगामाचा हाइसमन, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार, रेजी बुशला बोल सामन्यांआधीच मिळाला होता. त्यानंतर रोझ बोल या सामन्यात टेक्सस विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या विन्स यंगला मॅनिंग मिळाला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे मतदानाची वेळही निर्णायक ठरते.