लॅपटॉप दुरुस्तीला देताना आतल्या आधार-पॅनच्या फाइल्सचं काय करायचं?

निशिगंध_नाशिक
लॅपटॉपचा की-बोर्ड आणि एका बाजूची बिजागरी गेली आहे. एमजी रोडला दुकानात टाकायचा आहे. दोन दिवस लागतील, पासवर्ड लिहून द्या म्हणतात. विंडोज ११ होम, ५१२ जीबीची एसएसडी डिस्क. आत घरातल्या सगळ्यांची आधार-पॅन, आईच्या पेन्शनची कागदपत्रं, बँक स्टेटमेंट, दिंडोरीच्या जमिनीचे कागद. पिन आहे, तेवढा पुरेल का? की सगळं डिलीट करून द्यावं?

खटपट्या
पिन फक्त विंडोजचं दार अडवतो. डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइल्स समोर. आणि पिन स्वतःच लिहून दिलात तर क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्डही त्याच पिनवर उघडतात.

की-बोर्ड आणि बिजागरीसाठी विंडोज लागतच नाही. एसएसडी काढून घरी ठेवा. की-बोर्ड बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनचा सेटिंगचा पडदा) किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवर तपासता येतो, दुकानदाराला तसं सांगा.

शिफ्ट दाबून शट डाउन करा, चार्जर काढा. खालच्या झाकणाचे स्क्रू काढताना कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडत जा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरचं पॅनेल फुगतं. एखादा रबरी पायाखालीही दडलेला असतो. आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग एसएसडीचा एकुलता एक स्क्रू. तो निघाला की पट्टी आपोआप तिरकी उचलली जाते, त्याच कोनात बाहेर ओढा. काही पातळ मॉडेलांत ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी बघून घ्या.

निशिगंध_नाशिक
उघडायची हिंमत नाही हो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसतंय, पण लॅपटॉप लोकल अकाउंटवर आहे, मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेला नाही.

गंगापूररोड_४२२
ताई, मग थांबा. लोकल अकाउंटवर बऱ्याचदा डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते, पण संरक्षण चालूच झालेलं नसतं. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं. त्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करायला सांगत असेल तर हेच कारण. साइन-इन केलं की ४८ अंकी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. ती कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपमध्येच ठेवू नका. दुकानदाराने मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये हात घातला तर विंडोज तीच मागतं. नसली तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही.

मग ‘दुकान’ नावाचं स्टँडर्ड युजर खातं काढा, अ‍ॅडमिन नाही. पासवर्ड त्याचाच द्या. त्यातून तुमच्या युजरचं फोल्डर उघडत नाही. पण डी ड्राइव्हवर किंवा थेट सी ड्राइव्हवर ठेवलेलं मात्र साधारणपणे सगळ्यांना दिसतं, ते आधी हलवा.

खटपट्या
बरोबर. डिलीट करून देण्यात अर्थ नाही. बॅकअप नसेल तर नुकसान तुमचंच, आणि डाउनलोड्स, व्हॉट्सअ‍ॅप, रिसायकल बिनमधल्या प्रती राहूनच जातात.

सीए_कॉलेजरोड
ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. एआयएसच्या (आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण) पीडीएफचा पॅन आणि जन्मतारीख. दोन्ही त्याच फोल्डरमधल्या इतर कागदांवर छापलेले! मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

कायमचा उपाय म्हणजे व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमचं ५ जीबीचं कंटेनर, म्हणजे पासवर्डने उघडणारी तिजोरीसारखी एक फाइल. फुकट आहे, होमवरही चालतं. पासफ्रेज पाच-सहा असंबद्ध शब्दांची ठेवा; विसरलात तर परत मिळवायची सोय नाही. टूल्समधून हेडरचा (कंटेनर उघडण्याची माहिती असलेला सुरुवातीचा भाग) बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, कारण हेडर बिघडलं तर पासफ्रेज बरोबर असूनही कंटेनर उघडत नाही. काम झालं की डिसमाउंट (कंटेनर बंद) करा, नाहीतर ते उघडंच राहतं.

एक खोच आहे. कंटेनरमध्ये भर घातली तरी व्हेराक्रिप्ट त्या फाइलची तारीख मूळचीच ठेवतं. त्यामुळे गूगल ड्राइव्हसारख्या सेवेला बदल कळत नाही आणि बॅकअप जुनाच राहतो. प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टँप’वरची टिक काढा.