झोन बदलला की भावही बदलतो

शेतजमिनीचा झोन (म्हणजे आराखड्यात ठरवलेला जमिनीचा वापर) बदलून अवजड उद्योगाचा करावा का, या चर्चेत ‘कारखाना आलाच नाही तर झोन पुन्हा शेतीचा करता येईल’ असा मुद्दा आला. तो कागदापुरताच खरा आहे. अवजड उद्योगासाठी आधी सपाटीकरण होतं, वरची माती खरवडली जाते, खालची रोलरखाली दबते. दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात, आणि खोलवर दबलेला थर नांगराने सहसा सुटत नाही.

दुसरं, चर्चेत भरपाईवर बरंच लिहून झालं, पण झोन बदलताच वाढणारी किंमत कोणाची, हे कोणी विचारलं नाही. वीटही न रचता भाव चढतो, आणि तो बहुधा आधीच स्वस्तात घेऊन बसलेल्याच्या खिशात जातो. (गुंतवणूकदार म्हणायचं त्याला!) ब्रिटनने 1947च्या कायद्याने ही सगळी वाढ सरकारसाठी आकारून पाहिली, मालकांना जमीन विकण्यात काही राम उरला नाही आणि काही वर्षांतच ती आकारणी रद्द झाली. कोलंबियाच्या 1997च्या कायद्यात मात्र 30 ते 50 टक्के वाटा स्थानिक सरकारला घेता येतो. असा वाटा आधी ठरवा, मग बघू झोनबदलाच्या किती मागण्या टिकतात.